पाठीच्या दुखण्याची डिसेबिलिटी पेन्शन नामंजूर झाली असेल तर अपील कशावर लढायचं

एका मुलाने विचारलं आहे. वडील 24 वर्षं सैन्यात होते, जून 2021 मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीत असतानाच कंबर धरली, एमआरआयमध्ये एल-4 आणि एल-5 मधली गादी सरकलेली निघाली, मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तंदुरुस्तीचा दर्जा, उतरली. निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाने 20 टक्के अपंगत्व आयुष्यभरासाठी लिहिलं, पण ते नोकरीमुळे झालेलं नाही आणि नोकरीने वाढलेलंही नाही, असा शेरा मारला. रेकॉर्ड ऑफिसचं, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाचं, नामंजुरीचं पत्र आलं. सहा महिन्यांत अपील करता येईल असं त्यात होतं, पण तेव्हा ते केलं नाही. आता चार वर्षं उलटली, दुखणं वाढलं, वडिलांना अर्धा तास एका जागी बसवत नाही. गावातले एक गृहस्थ म्हणतात की मिळवून देतो, पण थकबाकीतला तिसरा हिस्सा माझा. मुलाला दोन गोष्टी हव्या आहेत: मुदत गेली का, आणि नवा एमआरआय काढून जोडला तर उपयोग होईल का?

मी सैन्यात क्लार्क होतो. शेवटची काही वर्षं पेन्शनच्या फायलींवरच गेली, आणि निवृत्तीनंतर गेली अकरा वर्षं तालुक्यातल्या माजी सैनिकांची अपिलं तयार करून देतो. वकील नाही, पण वकिलाकडे जाण्याआधीची फाईल कशी असावी हे मला नीट ठाऊक आहे. त्या अनुभवातून सांगतो.

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकतो. मुदत संपून दार बंद झालेलं नाही. आणि नव्या एमआरआयवर पैसे घालू नका, निदान या कामासाठी तरी नको.

एमआरआय का नको, हे समजलं की सगळं प्रकरण समजेल. तुमच्या वडिलांचं दुखणं खोटं आहे असं कुणीच म्हणालेलं नाही. बोर्डाने निदान मान्य केलं, 20 टक्के मान्य केले, ते आयुष्यभरासाठी आहेत हेही मान्य केलं. अडलं ते एकाच ठिकाणी: या दुखण्याचा फौजेच्या नोकरीशी संबंध आहे की नाही. आमच्याकडे येणारी दहातली आठ अपिलं याच जागी चुकतात. दोन-दोन पानं लिहिलेली असतात की वाकता येत नाही, मुंग्या येतात, पोरांच्या लग्नात उभं राहवलं नाही, घरात कमावणारं दुसरं कुणी नाही. वाचताना माझं मन भरून येतं. पण अपील समितीपुढे जो प्रश्न आहे त्याचं उत्तर त्यात नसतं. आज पाठ किती दुखते हे नवा एमआरआय सांगेल. नोकरीत असताना ती का दुखायला लागली, हे तो सांगणार नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट राहून गेली आहे आणि माझ्या दृष्टीने तीच सगळ्यात मोठी आहे. वडील कोणत्या कोअरमध्ये (सैन्याच्या कोणत्या शाखेत) होते, ट्रेड म्हणजे नेमून दिलेलं काम काय होतं, कुठे कुठे पोस्टिंग झालं, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. तोफेवर होते का? मध्यम तोफेचा 155 मिलिमीटरचा एक गोळा चाळीस किलोंहून जड असतो आणि सरावाच्या दिवसांत तो किती वेळा उचलावा लागतो हे तोफखान्यातल्या माणसाला विचारा. ड्रायव्हर होते का? डोंगरी रस्त्यावर लोड गाडी चालवताना प्रत्येक खड्डा कमरेतच बसतो. इन्फन्ट्रीत मॉर्टरवर होते का, सिग्नलमध्ये केबलची रिळं वाहत होते का, सॅपरमध्ये, म्हणजे इंजिनिअर दलात, पुलाचे पॅनेल उचलत होते का? आणि ऑफिसात क्लार्क किंवा स्टोअरमध्ये होते, तर तेही खरं-खरं लिहा, कारण मग बाजू वेगळ्या तऱ्हेने मांडावी लागते. एकाच निदानाच्या दोन जवानांचं अपील एकसारखं असूच शकत नाही.

आता नियम काय म्हणतो ते साध्या शब्दांत. पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्या जवानाला सर्व्हिस पेन्शन मिळतेच. तिच्या जोडीला डिसेबिलिटी एलिमेंट, म्हणजे अपंगत्वाची जादा रक्कम, मिळण्यासाठी दोन अटी आहेत. अपंगत्व 20 टक्के किंवा जास्त हवं, आणि ते नोकरीमुळे झालेलं किंवा नोकरीने बळावलेलं हवं. इंग्रजी कागदावर पहिल्याला अ‍ॅट्रिब्युटेबल आणि दुसऱ्याला अ‍ॅग्रॅव्हेटेड म्हणतात. या दोन्हींमध्ये पैशाचा काही फरक नाही. कुठलंही एक मान्य झालं की एलिमेंट तेवढंच मिळतं. दोन्ही नाकारलं की कागदावर "एनएएनए" असं येतं, आणि तुमच्या वडिलांच्या कागदावर तेच आलेलं आहे.

पाठीच्या बाबतीत माझा सल्ला ठाम आहे: अर्जात दोन्ही मागा, पण सगळा जोर दुसऱ्यावर, म्हणजे नोकरीने बळावलं यावर ठेवा. कारण बोर्डाचे डॉक्टर जे म्हणतात त्यात तथ्य असतं. मणक्यातल्या गाद्या वयानुसार झिजतातच, शेतात काम करणाऱ्याच्या झिजतात आणि बँकेत बसणाऱ्याच्याही झिजतात. म्हणून ते कागदावर "डीजनरेटिव्ह" लिहितात आणि विषय संपवतात. गादीची झीज नोकरीनेच सुरू झाली हे दाखवणं अवघड असतं. पण झिजायला लागलेल्या गादीवर वीस वर्षं वजन, पाठीवर लोड घेऊन धावणं, लोड गाडीचे धक्के, थंडीत उघड्यावर झोपणं हे सगळं पडलं की ती लवकर आणि जास्त बिघडते, हे समजायला एमबीबीएस व्हावं लागत नाही. नियमांमध्ये "बळावलं" हा शब्द ठेवलाय तो अशाच आजारांसाठी.

निदानाचं नाव नेमकं काय लिहिलंय हेही बघा. गावाकडे सगळ्यालाच "मणक्यात गॅप" म्हणतात, पण बोर्डाच्या कागदावर त्याची चार-पाच वेगळी नावं असू शकतात आणि प्रत्येकाची वाट वेगळी आहे. पीआयव्हीडी म्हणजे गादी सरकणं, लंबर स्पॉन्डिलोसिस म्हणजे झीज. या दोन्हींत वर सांगितलेली मांडणी चालते. स्पॉन्डिलोलिस्थेसिसमध्ये एक मणका दुसऱ्यावरून पुढे घसरतो आणि त्याच्या काही प्रकारांत हाडातला दोष लहानपणापासूनचा असतो, तेव्हा बोर्ड "जन्मजात" म्हणतं. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा तर सांध्यांच्या सुजेचा आजार आहे, एचएलए-बी27 या जनुकाशी त्याचा संबंध जोडला जातो, आणि बोर्ड "आनुवंशिक" लिहून मोकळं होतं. अशा केसही जिंकता येतात, पण त्यात लष्करी डॉक्टरांचं मत खोडायला दुसऱ्या तज्ज्ञाचं मत लागतं. तुमच्या वडिलांचं गादीचं आहे, म्हणजे तुलनेने सरळ आहे.

एखादा ठरावीक अपघात असेल, म्हणजे गाडीवरून पडले, अडथळ्यावरून उडी मारताना पाठ आपटली, तर त्याची इंज्युरी रिपोर्ट असते. तिचा फॉर्म आयएएफवाय-2006. ती सापडली तर अर्धी लढाई तिथेच संपते. पण पाठीच्या बहुतेक केसमध्ये असा एक दिवस नसतोच. दुखणं हळूहळू आलेलं असतं, एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, जाऊन गोळी घेतलेली असते, परत ड्युटी केलेली असते.

आता एक केस जरा जवळून दाखवतो, म्हणजे कागद कसे वाचायचे ते कळेल. नाव-गाव सांगत नाही. एक निवृत्त नाईक, ट्रेड ड्रायव्हर, साखर कारखान्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन आला. त्याच्या रिलीज मेडिकल बोर्डाच्या फॉर्मवर, म्हणजे एएफएमएसएफ-16 वर, आजार सुरू झाल्याची तारीख 2015 होती आणि जागा एक पीस स्टेशन, म्हणजे आघाडीपासून दूरची छावणी. कारण म्हणून एवढंच लिहिलेलं: आजार झिजेचा, सुरुवात पीस स्टेशनला, फिल्ड (आघाडीच्या भागातली नोकरी) किंवा हाय अल्टिट्यूडशी निकटचा संबंध नाही, म्हणून एनएएनए. ते वाचल्यावर कुणीही म्हणेल की संपलं. मी त्याला विचारलं, पहिल्यांदा कॅटेगरी उतरली तेव्हाचा कागद कुठाय? तो पिशवीत नव्हता. माहितीच्या अधिकारात मागवला. तो असतो एएफएमएसएफ-15, कॅटेगरी ठरवणाऱ्या बोर्डाचा. त्यात डॉक्टरने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: कमरेत दुखणं आणि डाव्या पायात कळ, दोन वर्षांपासून. दोन वर्षं मागे मोजली की 2013 येतं. आणि 2013 साली हा माणूस लडाखमध्ये रेशनची गाडी चालवत होता. पोस्टिंगची यादी त्याच एएफएमएसएफ-16 च्या पहिल्या भागात होती, चार पानं आधी. बोर्डाने दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले नव्हते. 2015 ही आजार सुरू झाल्याची तारीख नव्हतीच, ती निदान झाल्याची तारीख होती.

त्याचं अपील दीड पानाचं झालं. तारीख, जागा, काम, कागद क्रमांक, बस. पहिलं अपील तरीही फेटाळलं गेलं, दुसरंही. ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे सशस्त्र सेना न्यायाधिकरणात, मात्र तोच मुद्दा चालला आणि नोकरीने बळावल्याचं मान्य झालं. त्यामुळे सुरू झाल्याची तारीख आणि निदानाची तारीख वेगळी असू शकते, हे डोक्यात पक्कं ठेवून वडिलांचे कागद वाचा. बोर्डाच्या दिवशी जवान निवृत्तीच्या धांदलीत असतो, समोर ठेवलेल्या फॉर्मवर सही करतो, "कधीपासून त्रास आहे" याला जे आठवेल ते सांगतो. आपणही वडिलांना शांत बसवून विचारा की एमआय रूममध्ये पाठीसाठी पहिल्यांदा कधी गेला होता, तेव्हा युनिट कुठे होतं, सोबत कोण होतं.

तर कागद कुठून आणायचे? वडिलांच्या रेकॉर्ड ऑफिसकडून. तोफखान्याचं नाशिकरोड कॅम्पला आहे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. दुसरी कोअर असेल तर डिस्चार्ज बुकावर पत्ता मिळेल. अर्ज वडिलांच्या सहीनेच पाठवा, सर्व्हिस नंबरसह. मुलाच्या नावाने गेला तर खासगी माहिती म्हणून नाकारला जाऊ शकतो. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते. रिलीज बोर्डाची पूर्ण कार्यवाही, त्याआधीच्या सर्व कॅटेगरी बोर्डांची कार्यवाही, भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, पोस्टिंगचा तपशील, इंज्युरी रिपोर्ट असल्यास ती, आणि नामंजुरीचा पूर्ण आदेश, हे सगळं एकाच अर्जात मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर माहिती अधिकारातलं पहिलं अपील करा. ते पेन्शनच्या अपिलापेक्षा वेगळं असतं, गल्लत करू नका.

कागद लवकर मागवण्याचं आणखी एक कारण आहे. तुमच्या वडिलांना 2008 चे एंटायटलमेंट रूल्स, म्हणजे हा हक्क ठरवणारे नियम, लागू होतात. त्यात स्पष्ट म्हटलंय की साधारणपणे दावेदाराला स्वतःचा हक्क सिद्ध करायला सांगितलं जाणार नाही. पण निवृत्तीनंतर पंधरा वर्षांनी दावा केला आणि तोवर जुने कागद नष्ट झालेले असतील, तर सिद्ध करण्याचा भार दावेदारावर येतो. तुम्ही अजून त्या पंधरा वर्षांच्या बरेच आत आहात. ही तुमच्या बाजूची भक्कम गोष्ट आहे. 21 सप्टेंबर 2023 पासून मात्र नवे नियम आले आहेत आणि त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. म्हणून शेजारच्या गावातल्या नुकत्याच निवृत्त झालेल्या सुभेदारसाहेबांचा अर्ज आणून त्यावर वडिलांचं नाव टाकू नका, आणि तुमचा अर्जही त्यांना देऊ नका.

न्यायालयं काय म्हणतात हे थोडक्यात सांगतो, कारण अर्जात त्याचा उल्लेख लागतो. 2 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग प्रकरणात निकाल दिला. तो जवान सिग्नल कोअरचा होता आणि आजार झटक्यांचा होता, पण तत्त्व सगळ्यांना लागू पडलं. भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असं धरायचं. नंतर आजार झाला तर तो नोकरीतून आला असं मानायचं, तसं नाही म्हणायचं असेल तर बोर्डाने कारणं लिहायची. आणि शंका असेल तर फायदा जवानाला द्यायचा. फेब्रुवारी 2015 मध्ये राजबीर सिंग प्रकरणात न्यायालयाने हेच पुन्हा सांगितलं. पीस स्टेशनला आजार सुरू झाला म्हणजे नोकरीशी संबंध नाही, हा युक्तिवाद ट्रिब्युनलनी पुष्कळदा नाकारला आहे, कारण पीसमध्येही पीटी, परेड, सराव, गार्ड चुकत नाहीत.

पण या निकालांवरच भिस्त ठेवून बसू नका. 2019 मध्ये नरसिंग यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गृहीतक यंत्रासारखं लावता येत नाही, आजाराचं स्वरूप आणि बोर्डाचं मत पाहावं लागतं. 2008 च्या नियमांतही असं आहे की नोकरीत असताना आजार दिसला एवढ्यावर तो नोकरीमुळे झाला असं ठरत नाही. सरकारी वकील हेच वाचून दाखवतात. म्हणून धरमवीर सिंग हे नाव अर्जाच्या शेवटी यावं. सुरुवातीला वडिलांची पोस्टिंग, वडिलांचं काम आणि वडिलांच्या कागदावरच्या तारखा आल्या पाहिजेत. निकालांचे उतारे चिकटवलेली आणि माणसाबद्दल एक ओळ नसलेली अपिलं मी इतकी पाहिली आहेत की मोजदाद नाही.

एक गोष्ट तुमच्या विरुद्धही जाऊ शकते, ती आधीच सांगतो. कॅटेगरी उतरल्यावर वडिलांना हलकी ड्युटी दिली होती का? वजन उचलू नये, पळू नये असं बोर्डाने लिहिलं आणि युनिटने ते पाळलं, तर सरकार म्हणणार की आम्ही सांभाळलं, मग बळावलं कसं? याउलट कागदावर हलकी ड्युटी आणि प्रत्यक्षात सरावाला तोफेवरच उभं केलं असेल, तर ते लिहा, महिना आणि ठिकाण सांगून. त्या वेळचा कुणी सोबती किंवा जेसीओ (सुभेदार दर्जाचा अधिकारी) असेल तर त्याचं शपथपत्र जोडता येतं. सोबत्याचं शपथपत्र फार वजनदार असतं असं नाही, पण कागदावरच्या तारखेशी जुळलं तर उपयोगी पडतं.

टक्क्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागेल. वडिलांचे 20 टक्के आहेत हे नशीब समजा. माझ्याकडे आलेल्या एका जवानाला 11 ते 14 टक्के दिले होते. तो माझ्याकडे येण्याआधी ट्रिब्युनलमध्ये जाऊन हरला होता, पदरचे पैसे घालून. त्याच्या अर्जात नोकरीशी संबंध उत्तम मांडला होता, पण टक्क्यांना हातच लावला नव्हता. पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांच्या बाबतीत 20 टक्क्यांखाली एलिमेंट मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 2019 रोजी विंग कमांडर राठोड प्रकरणात स्पष्ट केलं आहे. अशा माणसाने आधी टक्के आव्हानित करायचे, फेरतपासणीचं बोर्ड मागायचं. तिथे मात्र पाठीचे एमआरआय, पायातली ताकद कमी झाल्याची तपासणी, ऑपरेशनचे कागद हे सगळं कामाचं असतं. म्हणजे नव्या तपासण्यांना किंमत आहे, पण त्या टक्क्यांच्या भांडणात, संबंधाच्या भांडणात नव्हे.

पैशाचं गणित मांडू. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के एलिमेंट, आणि खाली त्या प्रमाणात. मूळ वेतन आणि मिलिटरी सर्व्हिस पे मिळून 60,000 धरले, तर शंभर टक्क्यांना 18,000 आणि 20 टक्क्यांना 3,600 रुपये. पण इथे राउंडिंग ऑफ येतं. 50 पेक्षा कमी टक्के असतील तर 50 धरायचे, हा नियम 31 जानेवारी 2001 च्या सरकारी पत्रातला आहे. आधी तो फक्त मेडिकलवर घरी पाठवलेल्यांना देत होते. 10 डिसेंबर 2014 च्या रामअवतार निकालानंतर पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही त्याचा लाभ मिळाला. म्हणजे आपल्या उदाहरणात महिना 9,000 आणि त्यावर महागाई. अर्जात राउंडिंग ऑफ वेगळ्या ओळीत मागा. मागितलं नाही म्हणून मिळालं नाही, आणि मग त्यासाठी दुसरी केस, असं मी पाहिलेलं आहे.

आता मुदत. पेन्शन दर महिन्याला मिळायची गोष्ट आहे, त्यामुळे ती न मिळणं ही दर महिन्याला होणारी चूक मानली जाते. 2008 च्या तरसेम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलं. तो जवान 1983 मध्ये घरी आला होता आणि उच्च न्यायालयात 1999 मध्ये गेला होता. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण थकबाकी साधारणपणे अर्ज दाखल केल्याच्या तारखेआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणजे तुमच्या वडिलांचं पहिल्या वर्षाचं पाणी वाहून गेलंय असंच धरा, आणि आता ट्रिब्युनलला उशीर होईल तसा दर महिन्याला एकेक महिना मागून गळत जाईल. घाई करायची ती याच कारणासाठी.

वाट अशी आहे. पहिलं अपील रेकॉर्ड ऑफिसमार्फत पहिल्या अपील समितीकडे, सोबत उशीर माफ करण्याचा वेगळा अर्ज. उशिराचं कारण खरं लिहा: माहिती नव्हती, आजारपण होतं, कागद नव्हते. ते फेटाळलं तर दुसऱ्या समितीकडे दुसरं अपील. त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण, ज्याला सगळे एएफटी म्हणतात. महाराष्ट्रात राहणाऱ्या निवृत्त जवानाला मुंबई पीठात दाद मागता येते, युनिट कुठलंही असो. खात्यातले उपाय संपवून या, असं ट्रिब्युनल साधारणपणे म्हणतं, पण अपील करून सहा महिन्यांत अंतिम उत्तर आलं नाही तर उपाय संपला असं कायदाच मानतो. म्हणून पहिलं अपील रजिस्टर पोस्टाने पाठवा, पावती आणि पोहोच जपून ठेवा, आणि कॅलेंडरवर सहा महिन्यांची तारीख लाल शाईने लिहा. अंतिम आदेश आला तर त्या दिवसापासून, उत्तरच आलं नाही तर ते सहा महिने संपल्यापासून, पुढच्या सहा महिन्यांत ट्रिब्युनलमध्ये जायचं. उशीर झाला तर तिथेही माफी मागता येते, पण मुद्दाम कशाला उशीर करायचा.

पहिल्या अपिलात मंजूर होतं का? माझ्या अनुभवात, कमी वेळा. समितीतले डॉक्टर बहुधा बोर्डाचंच मत कायम ठेवतात. तरीही ते अपील मन लावून लिहायचं, कारण पुढे ट्रिब्युनलमध्ये न्यायमूर्तींच्या शेजारी बसलेले लष्करातले निवृत्त वरिष्ठ अधिकारी हेच कागद उघडतात, आणि फील्डमध्ये काय काम असतं हे त्यांना सांगावं लागत नाही. त्यांना फक्त तारीख आणि जागा दाखवावी लागते.

राहिले तिसरा हिस्सा मागणारे गृहस्थ. वरच्या उदाहरणात तीन वर्षांची थकबाकी महागाई सोडून 3,24,000 होते. त्यातले 1,08,000 एका अर्जासाठी द्यायचे? ट्रिब्युनलमध्ये जवान स्वतः उभा राहू शकतो, कायदा तशी परवानगी देतो, पण मी तसा सल्ला देणार नाही. वकील करा, फी आधी ठरवा, टक्केवारीत नको. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. माजी सैनिकांसाठी 2025 मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वेगळी योजना सुरू केली आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्याची चौकशी करा. आणि कुणालाही डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) किंवा बोर्डाचे मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या. स्पर्शचा, म्हणजे पेन्शनच्या ऑनलाइन खात्याचा, पासवर्ड तर अजिबात नको. एका माणसाचे मूळ कागद अशाच एका मध्यस्थाकडे दोन वर्षं अडकले होते आणि ते परत मिळवण्यातच त्याचा जीव मेटाकुटीला आला.

या रविवारी हे करा. वडिलांना चहा घेऊन बसवा, डिस्चार्ज बुक समोर ठेवा आणि 1997 पासून एकेक पोस्टिंग लिहून काढा: वर्ष, ठिकाण, फिल्ड की पीस, रोजचं काम काय. शेजारी दुसऱ्या रकान्यात पाठीची प्रत्येक आठवण लिहा, एमआय रूम, अ‍ॅडमिट झाले ते हॉस्पिटल, पट्टा मिळाला ते वर्ष. आठवत नसेल तिथे रिकामं सोडा, अंदाजाने भरू नका, कारण अंदाजाची एक तारीख कागदाशी जुळली नाही तर बाकीच्या खऱ्या तारखांवरही शंका घेतली जाते. सोमवारी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. कागद आले की एएफएमएसएफ-15 आणि एएफएमएसएफ-16 मधल्या सुरुवातीच्या तारखा, वडिलांचा ट्रेड आणि बोर्डाने एनएएनए साठी लिहिलेली ओळ जशीच्या तशी मला इथे कळवा. नाव, नंबर, युनिट झाकूनच टाका. अपिलाचा मसुदा कसा करायचा ते त्यावरून सांगतो.